कालवणापुरते मासे

मी मासे खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. आमच्या कोथरूडच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. अशा घरातली मुलगी मासे मोजायच्या कामाला कशी लागली, हे आईला अजून उमगलेलं नाही. कुणी विचारलं तर ती सांगते, "मुलगी पर्यावरणात असते." मासे हा शब्द गाळूनच टाकते. मी तळ्यावरून परत आले की स्वयंपाकघरातूनच तिचा आवाज येतो, "आधी आंघोळ, मग चहा."

माझं काम तसं कोरडंच आहे. मी तळ्यांची मॉडेलं करते. मॉडेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थर्माकोल येतो. तसं नाही हो. कॉम्प्युटरवर तळ्यातल्या एकेका जिवाचा एकेक चौकोन करायचा. शेवाळ, पाण्यातले किडे, लहान मासे, मोठे मासे आणि सगळ्यांच्या वर मासेमार. कोण कुणाला खातं आणि किती खातं, हे बाण काढून जोडायचं. जेवढं खाल्लं जातं तेवढं कुठूनतरी यायला हवं, नाहीतर गणित जुळत नाही. जुळलं की मग त्याला विचारायचं, की बाबा रे, पावसाळ्यात मासेमारी थांबवली तर काय होईल? जाळ्याची भोकं मोठी ठेवली तर? ते उत्तर देतं, आणि बऱ्याचदा बरं देतं.

हे तळं शहराच्या कडेला आहे. पूर्वी तिथे गाव होतं, आता ते महापालिकेत आलंय. म्हणजे फलक आलाय, नळाचं पाणी यायचंय. एका काठावर उंच इमारती उठल्यात, त्यांच्या जाहिरातींत तळ्याचे फोटो असतात. दुसऱ्या काठावर पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणारी भोई कुटुंबं राहतात. त्यांची मच्छीमार संस्था आहे. अण्णा तिचे प्रमुख, आणि अण्णांच्या घरच्या प्रमुख वहिनी.

मासेमारीला परवानगी देणाऱ्या कार्यालयाला शंका आली होती, की तळ्यातले मासे संपत चाललेत. त्यांनी आमच्या संस्थेला विचारलं. आमच्या सरांनी ते काम माझ्या गळ्यात बांधलं. प्रश्न सरळ होता. तळं धोक्यात आहे का? असेल तर दोन वर्षं मासेमारी बंद. नसेल तर चालू. आणि हे ठरणार मी आणि माझे चौकोन काय म्हणतो, त्यावर.

पहिल्याच दिवशी वहिनींनी विचारलं होतं, "मॅडम, तुमी खाता का?"

"नाही हो."

"अंडंबी न्हाई?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. पण त्या दिवसापासून माझी अशी काही बडदास्त सुरू झाली की विचारू नका. माझ्यासाठी वेगळा तवा. बाहेर ओट्यावर, कडुलिंबाच्या सावलीत, धुतलेल्या चटईवर ताट. पिठलं, भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा फोडलेला. माझं जेवण होईपर्यंत घरातलं कुणी जेवायला बसायचं नाही. मी आपली खूश. अशी व्यवस्था कोथरूडात सख्ख्या चुलत्याकडे होत नाही. तळ्यावर जायचं असलं की मी आदल्या दिवशी फोन करायची, आणि सकाळी पोचले की सगळं झाडून-पुसून लख्ख.

पुरुष बोटी घेऊन आत जायचे, जाळी काढायचे, मासे काठावर आणून वजन करायचे. व्यापाऱ्याचा टेम्पो स्वारगेटच्या बाजूनं यायचा आणि घेऊन जायचा. त्या काट्याशेजारी मी दर खेपेला उभी. कटला, रोहू, चिलापी आणि मरळ. मरळ हा तळ्यातला दादा माणूस. सापासारखं डोकं, अंगात ताकद, आणि खाणं फक्त मांसाहारी. मुख्यतः खवली खातो. खवली म्हणजे बोटाएवढा रुपेरी मासा, शेपटीजवळ काळा ठिपका. शिवाय आम्ही स्वतः मधल्या पाण्यात बारीक भोकांची जाळी टाकून नमुने घेतले. काठावर टाकता येत नव्हती, तिथे जलपर्णीचा असा काही गालिचा होता की जाळं गेलं की परत येत नव्हतं.

आणि खवली कुठेच नव्हती. काट्यावर नाही, आमच्या जाळ्यात जवळजवळ नाही.

मॉडेलनं मग जे सांगायचं ते सांगितलं. खवलीचा चौकोन रिकामा, म्हणजे मरळाच्या तोंडचा घास गेला. आज ना उद्या मरळ संपणार, आणि मग वरपासून खालपर्यंत सगळंच. मी आकडे उलटेपालटे करून पाहिले. दर वेळी तेच. मासेमारी बंद करा.

हे अण्णांना सांगायची माझी छाती होईना. पण ते काही दूधखुळे नव्हते. एकदा काट्याजवळ उभे असताना त्यांनीच विषय काढला.

"मॅडम, तुमचा कंप्युटर काय म्हणतो? बंद करा म्हणतो ना?"

"अजून नक्की नाही, अण्णा."

"तुमचं तोंडच सांगतंय." ते जाळ्यातला गुंता सोडवत होते, मान वर केली नाही. "बरं, एक इचारू का? तुमच्या बिल्डिंगला वॉचमन लागतो का?"

मला आधी कळेचना. मग कळलं. हा माणूस तळ्याचा तळ पायांनी ओळखतो. कुठे खडक, कुठे गाळ, वारा कुठून सुटला की मासा कुठे सरकतो. हा माणूस निळा शर्ट घालून आमच्या गेटवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसणार, पाणीपुरीच्या पार्सलवाल्यांची नावं विचारणार, आणि मी रोज सकाळी ऑफिसला निघाले की उठून उभा राहणार. माझ्या रिपोर्टमुळे.

योगायोग असा मेला, की आमच्या सोसायटीला खरंच वॉचमन हवा होता. आमचे सेक्रेटरी महिनाभर ज्याला-त्याला विचारत होते. मी जड जिभेनं त्यांना सांगितलं, "एक माणूस आहे. बघू, बहुतेक येईल."

"बहुतेक म्हणजे काय? येणार की नाही येणार?" सेक्रेटरी म्हणाले. त्यांना बहुतेक हा शब्द आवडत नाही.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. माझ्या मॉडेलप्रमाणे मरळ उपाशी असायला हवे होते. आणि इथे काट्यावर येणारे मरळ कसे? गुबगुबीत. पोटं टम्म. सरांच्या केबिनमध्ये जाऊन मी हे सांगितलं.

"परिणाम दिसायला वेळ लागतो," सर म्हणाले. "आणि तू आकडे बघ. माशाच्या तब्येतीचं कौतुक नको करूस."

"मग मरळ खातात काय, सर? हवा?"

"चिलापीची पिल्लं खात असतील."

"तेवढी पिल्लं नाहीयेत! मी मांडून पाहिलंय. मॉडेल म्हणतंय की एवढ्या मरळांना पुरेल असं काहीच तळ्यात नाही, आणि मरळ तर समोर आहेत. काहीतरी राहतंय आपल्याकडून."

"सोमवारी रिपोर्ट जायचाय," सर शांतपणे म्हणाले. "राहिलेलं सापडलं तर सांग. नाहीतर जे आहे ते लिही."

माझं डोकं फिरलं होतं. सरांवर नाही, ते बरोबरच बोलत होते. राग मरळांवर होता. गुमान सुकायचं सोडून लेकाचे जाड काय होताय?

रविवारी रिपोर्ट लिहायला बसले आणि शेवटच्या परिच्छेदाशी अडले. ज्यांचं तळं बंद होणार, त्यांना ते कार्यालयाच्या पत्रातून कळणार, हे काही मला पटेना. मी लॅपटॉप मिटला आणि स्कूटर काढली. फोन नाही केला. फोनवर काय सांगणार होते? "अण्णा, उद्या तुमचं तळं बंद करतेय, आज घरी आहात का?"

पोचले तेव्हा भर दुपार. ओट्यावर चटई नव्हती. पलीकडच्या घरातून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज. अण्णांचं दार उघडं होतं आणि सगळं घर आत जमिनीवर बसून जेवत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्या उंबऱ्यात उभी राहिले होते.

वहिनींनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई! मॅडम! फोन न्हाई, काय न्हाई!" त्यांनी हातासरशी परात उचलली आणि शेगडीजवळच्या पातेल्यावर पालथी घातली. "तुमी भाईर बसा ओट्यावर, हितं वास येतोय. आत्ता पिठलं टाकते."

पण माझी नजर तोवर अण्णांच्या ताटात गेली होती. भाताच्या कडेला लाल रस्सा, आणि रश्श्यात बोटाएवढे मासे. एक नव्हे, चांगले ओळीनं.

"अण्णा, हे काय आहे?"

अण्णांनी ताटाकडे पाहिलं. "कालवण."

"कसलं?"

"माशाचं."

"ते मलाही दिसतंय! कुठला मासा?"

"खवली. दुसरं काय असणार?"

"खवली तळ्यात नाहीये!"

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते!"

अण्णांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग अगदी अजिजीनं म्हणाले, "मग मी काय खातोय, मॅडम?"

मी चपला काढल्या आणि आत घुसले. वहिनी "अवो, वास, वास" करत आडव्या येत होत्या. "झाकू नका हो! उघडा!" मी चक्क ओरडले त्यांच्यावर. परात बाजूला केली आणि पातेल्यावर वाकले. आमच्या सात पिढ्यांत कुणी माशाच्या कालवणात इतक्या जवळून डोकावलं नसेल. रश्श्यात ठिपका ओळखू येईना. "न शिजवलेले आहेत का? कच्चे?" वहिनींनी घाबरत दारामागून एक पाटी ओढली. ओल्या फडक्याखाली खवलीच खवली. रुपेरी, ताजी, एकेकीच्या शेपटीजवळ काळा ठिपका.

मी तिथेच फतकल मारून बसले. हसायला येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्ही थांबवता येत नव्हतं. घरचे सगळे जेवण सोडून माझ्याकडे बघत राहिले. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांना वाटलं, उन्हाचा त्रास झाला असणार.

"इतके दिवस मी काट्यापाशी उभी राहते," मी म्हटलं, "मग ही वजनाला का नाही आणलीत कधी?"

"वजनाला?" अण्णांना प्रश्नच कळला नाही. "ती काय इकायची हाय का? ती कालवणापुरती."

"पण मी विचारलं होतं ना, की तळ्यात काय काय धरता?"

"धरतो ते समदं सांगितलं की. ही आमी धरत न्हाई. ही बायका आणतात."

म्हणजे प्रकार असा होता. बोटीतून जाऊन जाळं टाकतो तो मासेमार, आणि काट्यावर जातो तो मासा. रोज सकाळी वहिनी आणि आजूबाजूच्या बायका जुनी साडी दोन बाजूंनी धरून जलपर्णीच्या कडेनं गुडघाभर पाण्यात चालतात, आणि साडीत येईल ते घरी आणतात. त्याला त्यांच्यात कुणीच मासेमारी म्हणत नाही. आपण कुंडीतला कढीपत्ता तोडतो, त्याला शेती म्हणतो का? आणि जिथे आमची जाळी अडकत होती, नेमकी तिथेच सगळी खवली दाटीवाटीनं राहत होती, आणि मरळ तिच्यावर यथेच्छ ताव मारत होते.

"पण मला एकदाही कशी दिसली नाही?" मी विचारलं. "इतक्या वेळा तर आलेय मी इथे."

वहिनी ओशाळल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमचा फोन आला की मीच सांगते समद्यांना. पाट्या आत ठेवा, लौकर आटपा, मॅडमला चालत न्हाई. तुमाला किळस यायला नको. तुमी आमच्यासाठी एवढ्या उन्हात येता."

तळ्याचं अर्धं उत्तर दर वेळी ओल्या फडक्याखाली दारामागे ठेवलं जात होतं, आणि तेही माझ्या मानासाठी. माझा वेगळा तवा, माझी धुतलेली चटई. मला त्या बाईच्या पायाच पडावंसं वाटलं. त्याऐवजी मी म्हटलं, "वहिनी, ह्यापुढे पाटी आधी माझ्यापुढे आणायची. पिठलं नंतर."

मी तिथूनच सरांना फोन लावला. रविवारची दुपार, आणि पुण्यातली. त्यांनी उचलला हेच उपकार. मी एका दमात सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "म्हणजे खवली कालवणात होती."

"हो."

"आणि तू मासे खात नाहीस."

"हो, सर."

"आणि मीही खात नाही," सर म्हणाले. नंतर मात्र ते जे हसायला लागले ते थांबेचनात. "मुदत मी वाढवून घेतो. पण नुसतं पातेलं बघून रिपोर्ट बदलायचा नाही. मोज."

मग मोजलं. वहिनींच्या मागे मागे मीही सलवार गुडघ्यापर्यंत खोचून जलपर्णीच्या कडेनं चालले. पहिल्या दिवशी गाळात बसकण मारली, आणि सगळ्या बायका इतक्या हसल्या की धरलेली साडी सुटली. पण साडी हे काय सुंदर जाळं आहे! आमच्या जाळ्यांनी जे जमलं नाही ते एका विटक्या साडीनं केलं. काठाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने घेतले, घरोघरच्या पाट्या कालवण व्हायच्या आधी तोलल्या, आणि सगळं घेऊन मी कॉम्प्युटरपुढे बसले.

बटण लगेच दाबवेना, खोटं कशाला बोलू. खवली असणं वेगळं आणि पुरेशी असणं वेगळं. मी मनात आमच्या गेटवरची ती प्लॅस्टिकची खुर्ची बघत होते.

गणित जुळलं. मरळांचं खाणं आणि खवलीचं असणं एकमेकांत असं बसलं, की मी खुर्चीतच मागे रेलले आणि जोरात श्वास सोडला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "ओके ना?" मी म्हटलं, "ओकेच्या वर." जीव भांड्यात पडणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मॉडेलवर रागावण्यात काही अर्थ नव्हता. ते पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत होतं, की मरळांचं जेवण सापडत नाहीये, शोधा. मीच ते ऐकून तळंच संपलं म्हणत होते.

कार्यालयातल्या बैठकीत मी पडद्यावर चौकोन दाखवले. शेवाळ, किडे, खवली, मरळ, मासेमार. एक नवा चौकोन होता. साहेबांनी चष्मा वर केला. "मॅडम, हे 'कालवण' काय आहे? शास्त्रीय शब्द नाही का ह्याला?"

"असेल," मी म्हटलं, "पण तो तळ्यावर कुणाला कळणार नाही."

अण्णा मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. त्यांनी घसा खाकरला, तेवढंच.

मासेमारी बंद झाली नाही. दोन अटी आल्या, आणि त्या मॉडेलवर तपासूनच आम्ही सुचवल्या होत्या. पावसाळ्यात मरळ पिल्लं सांभाळत फिरतो तेव्हा त्याला हात लावायचा नाही. आणि जलपर्णी काढायची ती एकदम सगळी नाही, टप्प्याटप्प्यानं, म्हणजे खवलीला लपायला जागा उरेल. अण्णांनी दोन्ही अटी ऐकून मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "पिल्लांवरचा मरळ आमी तसाबी धरत न्हाई. पाप लागतं." मी कपाळाला हात लावला. हेही कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी परत त्यांच्याकडे जेवायला थांबले. आता तुम्हाला वाटेल, मी खवलीचं कालवण खाल्लं. नाही खाल्लं. मी पिठलंच खाल्लं, पण ओट्यावर नाही. आत, सगळ्यांच्या पंगतीत, अण्णांच्या शेजारी बसून. वहिनींनी माझ्या आणि त्यांच्या ताटांमध्ये हातभर जागा सोडली होती. मी ताट सरकवलं. त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

घरी परतले तेव्हा सेक्रेटरी गेटपाशीच उभे होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीत कुणी नव्हतं, आणि एक रिक्षा आत शिरून अडकली होती.

"काय हो, तुमचा तो माणूस येणार होता ना?" त्यांनी विचारलं. "की ते बहुतेकच?"

"नाही येणार," मी म्हटलं.

"का? आता काय झालं?"

"त्याला काम आहे," मी म्हटलं, आणि आईनं हाक मारायच्या आत आंघोळीला गेले.